आधी साखर जाळावी लागते



स्वयंपाकघरातला सगळ्यांत अपमानाचा शब्द कोणता, असं मला कुणी विचारलं तर मी सांगेन, 'करपलं'. भाजी तिखट झाली तर पानात दही वाढता येतं, आमटी खारट झाली तर पाणी घालून वेळ निभावता येते. करपलं की मात्र लपवायची सोय नाही. दारातून आत येणारा प्रत्येक जण चपला काढता काढताच विचारतो, "काय करपलं?" आज मी तुम्हाला असा एक भात सांगणार आहे, ज्याची सुरुवातच साखर करपायच्या उंबरठ्यापर्यंत नेऊन होते. त्याचं नाव पेलाऊ. आणि त्याचं गाव आहे कॅरिबियन समुद्रातलं त्रिनिदाद.

त्रिनिदाद म्हटल्यावर माझ्या वयाच्या श्रोत्यांना आधी पोर्ट ऑफ स्पेन आठवेल, आणि तेही रेडिओमुळेच. मार्च 1971. अजित वाडेकरांच्या संघाने तिथे वेस्ट इंडिजला सात गडी राखून हरवलं. मडगावात जन्मलेल्या दिलीप सरदेसाईंनी शतक ठोकलं आणि सुनील गावसकर नावाचा मुलगा पहिलाच कसोटी सामना खेळला. तिथली धावसंख्या आपल्याला पाठ झाली. पण त्या मैदानाबाहेरच्या घरांमध्ये रविवारी दुपारी काय शिजत असेल, हा प्रश्न काही आपल्याला पडला नाही.

मला तो पडला तो माझ्या भाचीमुळे. ती टोरांटोला शिकायला गेली आणि तिची घरमालकीण निघाली त्रिनिदादची. रविवारी त्या बाई एका मोठ्या पातेल्यात भात, कोंबडी, दाणे, भाज्या सगळं एकत्र शिजवायच्या. भाचीने फोनवर कृती सांगितली, तेव्हा पहिलंच वाक्य होतं, "मावशी, तेलात साखर टाक आणि काळी होऊ दे. घाबरू नकोस."

मी घाबरले. मधासारखा रंग आल्याबरोबर कोंबडी टाकून मोकळी झाले. भात पांढुरका आणि गोडसर. माझ्या यजमानांनी शांतपणे विचारलं, "हा साखरभात आहे का? मग यात कोंबडी कशी पडली?" दुसऱ्या वेळी साखर गॅसवर असताना दारावरची घंटा वाजली. परत येईपर्यंत कढईत डांबर. तिसऱ्या खेपेला जमलं, आणि तेव्हापासून आमच्याकडे पेलाऊ होतो.

नाव ऐकूनच तुमच्या लक्षात आलं असेल की पेलाऊ हा आपल्या पुलावाच्या भावकीतला. पण जळक्या साखरेत मांस परतायची रीत पुलावाची नव्हे. ती आफ्रिकी वंशाच्या लोकांनी त्या बेटांवर रुजवली, असं मानलं जातं. एकाच भांड्यात नाव एकाचं आणि हात दुसऱ्याचा, असं कसं झालं? त्याचं उत्तर त्या साखरेतच आहे.

त्रिनिदादमध्ये उसाचे मळे होते. त्या मळ्यांवर राबायला आफ्रिकेतून माणसं गुलाम करून आणली गेली. 1838 साली ती गुलामगिरी पुरती संपली, तेव्हा मळेवाल्यांनी मजुरांसाठी हिंदुस्थानाकडे पाहिलं. 30 मे 1845 रोजी 'फतेल रझाक' नावाचं जहाज कलकत्त्याहून करारावरच्या मजुरांना घेऊन तिथे पोचलं. 1917 पर्यंत सुमारे 1 लाख 44 हजार माणसं अशी गेली. त्यांतली बहुतेक भोजपुरी आणि अवधी मुलखातली. आपल्या मराठी मुलखातली माणसं जास्त करून मॉरिशसला गेली. त्रिनिदादमध्ये 30 मे ला आजही सार्वजनिक सुट्टी असते.

म्हणजे श्रोतेहो, दोन खंडांतली माणसं ज्या साखरेपायी त्या बेटावर नेली गेली, तीच साखर पेलाऊ करताना सगळ्यांत आधी जाळली जाते. हे कुणी ठरवून केलं असेल असं मी म्हणत नाही. पण कढईत साखर काळी पडायला लागली की दर वेळी मला याची आठवण येते.

आता दाणे. पेलाऊत जे हिरवे दाणे घालतात ते म्हणजे आपली तूर. डाळ नव्हे, ओले दाणे. तूर मूळची भारतातली. इथून ती पूर्व आफ्रिकेत गेली, आफ्रिकाभर पसरली आणि गुलामांच्या जहाजांबरोबर कॅरिबियन बेटांवर पोचली. जमैकात तिला 'गुंगो' म्हणतात. पुढे कलकत्त्याहून मजूर गेले, तेव्हा त्यांच्या आधीच येऊन राहिलेली ही घरची तूर त्यांना तिथल्या परसात दिसली असेल. माहेरचं माणूस परक्या गावच्या बाजारात अचानक भेटावं, तसं वाटलं असेल का त्यांना?

माझं माहेर वऱ्हाडातलं, त्यामुळे या दाण्यांपाशी मी जरा जास्तच रेंगाळते. आमच्याकडे या ओल्या दाण्यांना 'सोले' म्हणतात. थंडीत शेंगा आल्या की घरोघरी सोलेभात होतो. लसूण, आलं, कोथिंबीर वाटून घालायची, भात हिरवट दिसतो आणि वरून तेलाची धार. सोलेभात आणि पेलाऊ यांची ओळख कुणी करून दिलेली नाही. तरी दोन्ही पानांत शेजारी वाढले तर नातं लपत नाही.

आता कृती सांगते. चौघांसाठी पाऊण किलो कोंबडी घ्या, हाडासकट, लहान तुकडे करून. लसूण, कांद्याची पात, कोथिंबीर आणि हिरवी मिरची वाटून, मीठ घालून ते वाटण कोंबडीला चोळून तासभर ठेवा. तिकडे कोथिंबिरीऐवजी लांब, कातरलेल्या पानांची एक उग्र वासाची वनस्पती वापरतात. तिथले भारतीय वंशाचे लोक तिला 'बंधनिया' म्हणतात. म्हणजे बन-धनिया, रानातली कोथिंबीर. आपल्याला ती सहसा मिळत नाही, म्हणून आपली साधी कोथिंबीर दुपटीने घ्यायची. आणि तुमच्या कुंडीत पानओवा असेल तर त्याची दोन पानं अवश्य वाटा. तो कॅरिबियनमध्येही घरोघरी असतो. तिथे त्याला 'स्पॅनिश थाइम' म्हणतात.

तांदूळ दोन वाट्या, तोही उकडा. कोकणातला पेजेचा जाड तांबडा उकडा नको, पांढरा लांब दाण्याचा घ्या, किंवा सेला बासमती. उकडा तांदूळ साळीत असतानाच एकदा वाफवलेला असतो, त्यामुळे दाणा घट्ट राहतो आणि इतक्या ढवळाढवळीतही मोडत नाही. साधा कोलम घेतलात तर खिचडी होईल.

आता खरा प्रसंग. जाड बुडाच्या पातेल्यात दोन मोठे चमचे तेल तापवा आणि त्यात दोन मोठे चमचे साखर टाका. गूळ नको, तो फार लवकर जळतो. साखर वितळेल, मग पिवळी, मग मधासारखी, मग तांब्यासारखी होईल. इथे हात शिवशिवतील, पण थांबा. मग कडेने फेस येईल, रंग गडद तपकिरी होईल आणि धुराची पहिली रेघ दिसेल. त्या क्षणी कोंबडी आत. नंतर नाही, आधीही नाही. साखर 160 अंशांच्या पुढे गेली की रंगू लागते. जसजशी ती जळते तसतसा तिचा गोडवा कमी होतो आणि खमंगपणा येतो. तिथून पुढे काही सेकंदांतच कडवटपणा सुरू होतो. म्हणून कोंबडीचं ताट हाताशी हवं, दाराला कडी हवी आणि फोन दुसऱ्या खोलीत हवा. तुकडे निथळून घ्या, नाहीतर अंगावर उडेल. लहान मुलांना लांब ठेवा, कारण उकळती साखर कातडीला चिकटून बसते.

कोंबडी परतली की प्रत्येक तुकड्याला चकचकीत तपकिरी रंग चढतो. सात-आठ मिनिटांनी चिरलेला कांदा, गाजर, लाल भोपळ्याच्या फोडी आणि वाटीभर सोले घाला. सोले जून असतील तर आधी वाफवून घ्या. मग धुतलेला तांदूळ घालून दोन मिनिटं परता. एक वाटी नारळाचं दाट दूध, तीन वाट्या पाणी, चवीपुरतं मीठ. उकळी आली की वर एक अख्खी मिरची अलगद ठेवा, झाकण घाला आणि मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटं शिजू द्या.

ती अख्खी मिरची हा तिथला खास डाव. तिकडची मिरची गोबरी, फळासारख्या वासाची, पण आपल्या ईशान्येकडच्या भूत जोलोकियाच्या गोत्रातली. तिचा वास भाताला हवा असतो, तिखटपणा नको. म्हणून ती फुटू द्यायची नाही. देठासकट ठेवायची आणि देठाला धरून उचलायची. फुटली, तर त्या दिवशी सगळे गप्प बसून जेवतात. आपण एखादी जाड हिरवी मिरची ठेवावी. वास तसा येणार नाही, पण धाकधूक तेवढीच राहते.

शाकाहारी घरांत कोंबडीऐवजी भोपळा, गाजर, सोले वाढवा आणि भिजवून घट्ट पिळलेल्या सोयाबीनच्या वड्या जळक्या साखरेत परता. रंग तसाच चढतो.

झालेला पेलाऊ मोकळा फडफडीत नसतो. भोपळा विरघळलेला, भात ओलसर. पातेलं टॉवेलात गुंडाळून गाडीत टाकायचं आणि समुद्रावर किंवा नदीवर जाऊन तिथेच वाढायचं, ही त्रिनिदादची रीत. सोबत कोबीची कोशिंबीर, काकडी आणि अव्होकाडोची फोड.

पातेलं रिकामं झाल्यावर तळाशी जी खरवड उरते तिला तिकडे 'बनबन' म्हणतात. मुलं तिच्यावरून भांडतात. आमच्या आजीच्या दुधाच्या पातेल्यातल्या खरवडीवरून आम्ही भांडायचो, अगदी तसंच.

आमच्या घरी अजूनही पेलाऊच्या दिवशी दारातून येणारा माणूस चपला काढता काढता विचारतोच, "काय करपलं?"

मी आतूनच सांगते, "साखर. हात धुवून या, पानं घेतली आहेत."