नंबर लागल्यावर



आज थ्री-फेज लाइट रात्रीची आहे, हे मला माहीत आहे. मोटर चालू करायला ज्यांना मध्येच उठावं लागेल त्यांनी खुशाल उठावं, मी राग मानणार नाही. आयुष्यभर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं. समोरचं माणूस मध्येच उठून जातं, याची सवय आहे.

विषय पत्रिकेत मोठा छापलाय, पण गावच्या भाषेत तो एवढाच: नवोदयला नंबर लागला, तरी नको म्हणावं का? आमच्या घरी हा प्रश्न आला होता आणि आम्ही नको म्हटलं होतं. धाकट्याला आम्ही नगर जिल्ह्यातल्या एका मिशनच्या शाळेत घातलं, जिथं येईल त्याला प्रवेश होता. त्यावर या डोंगरकडा गावानं मला बरीच वर्षं वेड्यात काढलं. आज त्याच गावानं व्याख्यानाला बोलावलंय, तर सांगून टाकतो.

आधी नवोदयबद्दल, कारण मी त्या शाळेचा विरोधक नाही. देशातली पहिली दोन नवोदय विद्यालयं १९८५-८६ साली निघाली. एक हरियाणात झज्जरला, दुसरं आपल्या अमरावतीला. आज ती साडेसहाशेच्या वर आहेत. तमिळनाडूनं मात्र एकही घेतलं नाही, त्यांचा भाषेचा मुद्दा होता. आपल्या हिंगोली जिल्ह्याचं नवोदय वसमतला. राहणं, जेवण, पुस्तकं, गणवेश सगळं सरकारचं. किमान पंचाहत्तर टक्के जागा खेड्यातल्या लेकरांना, एक तृतीयांश मुलींना. ज्या बापाकडं दोन एकर कोरडवाहू आहे त्याच्या मुलीला सीबीएसईची शाळा, प्रयोगशाळा आणि खेळाचं मैदान फुकट मिळतं. हे ज्यानं सुचवलं त्याचं भलं होवो.

पण दार अरुंद आहे. हिंगोली, कळमनुरी, वसमत, औंढा, सेनगाव अशा पाच तालुक्यांतून सहावीला फार तर ८० लेकरं. पाचवीत असताना एकच परीक्षा, दोन तासांची, ८० प्रश्न, १०० गुण. त्यातले ४० प्रश्न बुद्धिमत्तेचे, २० गणिताचे, २० भाषेचे. आणि परीक्षेला आयुष्यात एकदाच बसता येतं. दहावीला नापास झालेल्याला ऑक्टोबर होता, आता जून-जुलै आहे. दहा वर्षांच्या लेकराला मात्र पुन्हा संधी नाही.

मी पंधरा-सोळा वर्षं या परीक्षेची तयारी करून घेतली. सकाळी सातला जादा तास. उत्तरपत्रिकेतले गोल रंगवायची सवय व्हावी म्हणून आम्ही पाठकोऱ्या कागदांवर पेनचं टोपण ठेवून गोल काढायचो, एका कागदावर ८० ओळी, प्रत्येक ओळीत चार गोल. एक मुलगा होता. तोंडी विचारलं तर वर्गात सगळ्यांच्या आधी उत्तर द्यायचा. हिशेब असा पक्का की ट्रॅक्टरमालकानं बापाच्या पाळ्या चुकवल्या तर हा धरून द्यायचा. पण गोल रंगवताना तो गोलाच्या कडेकडेनं अलगद पेन फिरवी, रंग बाहेर जाऊ नये म्हणून, आणि त्यात इतका रंगून जाई की बारा प्रश्न राहून जात. मी म्हणायचो, अरे भर पटकन. तो म्हणायचा, सर, घाण होते. त्याचा नंबर लागला नाही. ज्याचा लागला तो गुणी होता, मेहनती होता, आणि त्याची आई शिक्षिका होती. कुणाचा बाप शिक्षक होता, कुणाची मावशी अंगणवाडीत होती, असं मी यादी धरून सांगू शकतो. माझ्या स्वतःच्या दोन्ही लेकरांचा नंबर लागला. बाप कोण, तर जादा तास घेणारा मास्तर. चाळणी कुणाला वर ठेवते, ते मी चाळणी धरणाऱ्याच्या जागेवरून पाहिलंय.

मोठी मुलगी आधी गेली. तिचं सोनं झालं, शिकली, आज नोकरीला आहे. पहिल्या दिवाळीला ती घरी आली तेव्हा पहाटे कुणी न उठवता उठली, पांघरुणाची चौकोनी घडी घातली आणि आईला विचारलं, कुठं ठेवू? तिची आई स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. शाळेचा दोष नाही हा. वसतिगृहात राहणारं लेकरू असंच शहाणं होतं. पण पाच वर्षांनी धाकट्याचं नाव यादीत आलं तेव्हा घरात पेढे आले आणि तिच्या आईनं हात लावला नाही. म्हणाली, एक दिलं ना सरकारला.

माझी बहीण तेव्हा संगमनेरकडं होती, मेहुणे साखर कारखान्यात. ती म्हणाली, आमच्याजवळ मिशनची शाळा आहे, मराठीच आहे, पोरगं माझ्याकडं राहील, रात्री आत्याच्या हातचं जेवेल. हे ऐकून गावात दोन मतं झाली. पहिलं: वा, कॉन्व्हेंटला चाललाय! दुसरं: बाटवतील.

पहिल्या मतासाठी थोडं विषयांतर करतो. कॉन्व्हेंट म्हणजे जोगिणींचा मठ, नन्स राहतात ती जागा. आपल्याकडं नांदेड-हिंगोली रस्त्यावर पत्र्याच्या शेडवर ज्या ‘कॉन्व्हेंट’च्या पाट्या आहेत, त्यांतल्या किती ठिकाणी आयुष्यात एक तरी नन फिरकली असेल? मालक आपलाच, शिक्षक आपलेच, पगार ऊसतोडीच्या उचलीपेक्षा कमी, आणि नावात एक ‘होली’ किंवा ‘सेंट’. एवढ्यावर टाय बांधलेली पोरं पिवळ्या गाडीत कोंबून नेतात. मी बोलतोय ती शाळा अशी नव्हती. तिथं मराठी माध्यम होतं, टाय नव्हता आणि पावसाळ्यात वर्गात चिखल होता.

नगर जिल्ह्यात येशूसंघाचे फादर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून आहेत. केंदळ, वळण, राहुरी, पुढं संगमनेर, श्रीरामपूर. त्यांच्याकडं जे आले ते बहुतेक गावकुसाबाहेरचे. गावच्या शाळेत ज्यांना व्हरांड्यात बसवत त्यांच्यासाठी या शाळा निघाल्या, त्यामुळं निवडून घ्यायचा प्रश्नच नव्हता. पुढं तिथं ऊस आला, कारखाने आले, आणि आपल्या मराठवाड्यातून कोयते गेले. त्याच भागात हरेगावला सप्टेंबरात मतमाउलीची, म्हणजे येशूच्या आईची, यात्रा भरते. तिला सगळ्या जातीधर्मांचे लोक लोटतात, नवस बोलतात, नारळ घेऊन येतात. आपल्या औंढ्याच्या यात्रेपेक्षा ती मला फार वेगळी वाटली नाही.

इथं एक कायद्याची गोष्ट सांगितली पाहिजे. अनुसूचित जातींबाबतचा १९५० सालचा राष्ट्रपतींचा आदेश आहे. त्यानुसार अनुसूचित जातीची सवलत आधी फक्त हिंदूंना, १९५६ पासून शिखांना आणि १९९० पासून बौद्धांना. ख्रिस्ती झालेल्याला नाही. म्हणजे दोन सख्ख्या चुलतभावांची घरं एकाच वस्तीत, गरिबी एकच, आणि नवोदयच्या अर्जावर एकाला अनुसूचित जातीची जागा, दुसऱ्याला नाही. अशा वस्तीतल्या लेकराला मिशनची शाळा ही आवडीची निवड नव्हती, तीच एक होती. आवडीनिवडीचा थाट आमच्यासारख्या मास्तरांचा.

जूनमध्ये मी धाकट्याला घेऊन गेलो. फादरांच्या खोलीत एक टेबल, एक क्रूस आणि दुरुस्तीला आलेल्या तीन सायकली. त्यांनी दाखला पाहिला. मी नवोदयच्या निवडीचं पत्र पुढं केलं, थोडं ऐटीतच. त्यांनी ते वाचलं, घडी घातली आणि मला परत दिलं. मुलाला विचारलं, राहणार कुणाकडं? आत्याकडं. सायकल येते? येते. झालं, प्रवेश. परतताना मला खरं सांगायचं तर अपमान झाल्यासारखं वाटलं. मी पोराच्या हुशारीचं सर्टिफिकेट घेऊन गेलो होतो आणि त्यांना ते नकोच होतं.

सातवीत त्याच्या बाकावर एक मुलगा बसवला. आईबाप ऊसतोडीचे, दिवाळीनंतर गेलेले, लेकरू वसतिगृहात. वय तेराच्या पुढं, जोडाक्षर आलं की थांबायचा. सिस्टरनी माझ्या मुलाला सांगितलं, घंटेच्या आधी अर्धा तास यायचं आणि याच्याबरोबर वाचायचं. रोज. मुलानं मला पत्र लिहिलं, बाबा, तो ‘उत्सव’ हा शब्द ‘उतसव’ असा वाचतो आणि मला हसू येतं, मग मी दात चावून बसतो. पुढच्या पत्रात लिहिलं, बैलाला वेसण कशी घालतात ते त्यानं मला दोरी माझ्याच नाकाला लावून दाखवलं. तिसऱ्यात वाचनाचं काहीच नव्हतं, नुसती त्या मुलाची हकिकत होती, म्हणजे तो आता नुसता शेजारी राहिला नव्हता, दोस्त झाला होता.

तिथल्या पहिल्या दोन वर्षांत माझ्या मुलाचं गणित मागं पडलं. हे मी लपवत नाही. नवोदयला असता तर ऑलिंपियाडच्या गोष्टी करत आला असता. तो आला तो वेसण घालायला शिकून. तेव्हा मी रात्र-रात्र जागलोय, की आपल्या तत्त्वापायी पोराचं नुकसान करतोय का.

आता दुसरं मत, बाटवण्याचं. संविधानाच्या २८व्या कलमात स्पष्ट आहे: सरकारी मान्यता किंवा अनुदान असलेल्या शाळेत कुणालाही धर्मशिक्षणाला वा उपासनेला संमतीशिवाय बसवता येत नाही, आणि लेकरू अज्ञान असेल तर पालकाची संमती लागते. मुलगा सुट्टीत आला की ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ म्हणायचा आणि त्याच दमात आजोबांबरोबर हरिपाठ. आजोबांनी एकदा विचारलं, तुमचा देव आणि आमचा देव यांत फरक काय रे? म्हणाला, तिथं गुडघ्यावर बसतात, इथं मांडी घालून. आजोबांना पटलं. फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हाही काहींनी असाच गलका केला होता. वसईचा मराठी माणूस, बायबल सुबोध मराठीत आणणारा, त्याच्या मराठीवर शंका!

ही निवड फक्त आपल्याच वाट्याला आली असं नाही. इंग्लंडात १९४४च्या कायद्यानंतर अकराव्या वर्षी परीक्षा घेऊन पोरं वेगळी काढायला लागले. पास तो ग्रामर शाळेत, बाकीचे दुसरीकडं. वीस वर्षांत लोकांच्या लक्षात आलं की चाळणीखाली नेहमी त्याच घरांची पोरं पडतात. १९६५ साली सरकारनं सांगितलं, सगळ्यांना एका शाळेत घ्या. कॅथलिक शाळाही बऱ्याचशा तशा झाल्या. तरी १६३ ग्रामर शाळा आजही शिल्लक आहेत, आणि लंडनच्या पश्चिमेला स्लाव म्हणून गाव आहे, तिथं आपली भारतीय मंडळी त्या परीक्षेसाठी शिकवण्या लावतात. माणूस साहेबाच्या देशात गेला तरी जादा तास सुटत नाही. मात्र तिथल्या काही कॅथलिक शाळांत जागा कमी पडल्या की रविवारी चर्चला येता का, ते बघतात. म्हणजे चाळणी तिथंही आहे, भोकं वेगळी.

आणि आपल्याकडच्या मिशन शाळा सगळ्या त्या सायकलवाल्या फादरांसारख्या आहेत, असं मी म्हणणार नाही. मोठ्या शहरांतल्या नामांकित शाळांत आईबापांचं इंग्रजी तपासल्याच्या कथा तुम्हीही ऐकल्यात. शिक्षण हक्क कायद्यानं खासगी शाळांत पंचवीस टक्के जागा गरिबांना ठेवल्या, आणि २०१४ साली सर्वोच्च न्यायालयानं अल्पसंख्याकांच्या शाळांना या कायद्यातूनच सूट दिली. तिसाव्या कलमाचा आधार आहे त्याला, मला तो मान्यही आहे. पण गावकुसाबाहेरच्यांसाठी निघालेल्या शाळांच्या वारसांनी ती सूट गरिबाला दाराबाहेर ठेवायला वापरली, तर मला वाईट वाटतं.

चाळणी तुमच्या घरीही आहे. सध्या तुमच्या अंगणात हळद वाळतेय. पॉलिशच्या ड्रममध्ये फिरून निघाली की हळकुंड वेगळं, गट्टू वेगळा, कणी खाली. वसमतच्या बाजारात हळकुंडाला भाव. पण पुढच्या वर्षीचं बेणं? जेठे गड्डे तुम्ही काढणीलाच बाजूला ठेवता, ते ना शिजवता ना ड्रममध्ये घालता. असं बेणं माणसांतही असतं. याच जिल्ह्यातल्या नांदापूरला १९३२ साली नरहर कुरुंदकर जन्मले. इंटरच्या परीक्षेत त्यांनी गटांगळ्या खाल्ल्या, एकदा नव्हे. नांदेडला शाळामास्तर म्हणून लागले, पुढं पीपल्स कॉलेजचे प्राचार्य झाले, आणि त्यांचं व्याख्यान ऐकायला लोक लांबून यायचे. त्यांना दोन तासांत ८० गोल रंगवता आले असते का, मला शंका आहे.

माझी दोन्ही लेकरं दिवाळीला भांडतात. ती म्हणते, मला तिथं नववीत वर्षभर उत्तरेत पाठवलं, देश कळला. तो म्हणतो, मला देश बाकावरच भेटला. ती म्हणते, तुझं गणित कच्चं राहिलं. तो गप्प बसतो. मग ती त्याचा कर्जाचा हप्ता किती बसेल ते काढून देते.

परवा एक माय माझ्याकडं आली. नाव सांगत नाही, ती इथंच बायकांच्या बाजूला बसली आहे. यंदा तिच्या मुलाचा नंबर लागलाय. म्हणाली, सर, पाठवू का नको? मी हे सगळं सांगायला तोंड उघडलं आणि थांबलो. विचारलं, तो काय म्हणतो? ती म्हणाली, त्याचं दुसरंच आहे. त्याच्या दोस्ताचा नंबर लागला नाही, तर हा म्हणतो, माझी जागा त्याला देता येते का ते सरांना विचार.

मी तिला सांगितलं, नियमात बसत नाही. तर ती म्हणाली, ते मी पण सांगितलं त्याला, तो म्हणतो सरांनाच विचार. तो पोरगा बाहेर चहाच्या टपरीपाशी उभा आहे. आभारप्रदर्शन तुम्ही उरकून घ्या, मी त्याच्याकडं जाऊन येतो.