हा वास आपल्याबरोबर येतोय

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

मी कवितेतला माणूस. मराठी घेऊन बी.ए. झालो, नोकरी केली ती कागदांची. यंत्रांशी माझा संबंध रोजच्या लोकलपुरता. त्यामुळे आज मी मोटारीच्या ब्रेकवर बोलणार आहे, हे ऐकून माझ्या घरातच सगळे हसले. पण गेल्या वर्षी जे घडलं ते सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. तुमच्यापैकी अनेकांच्या इमारतीखाली माझ्यासारखीच एक गाडी उभी असेल, म्हणूनही सांगतो.

आम्ही बदलापूरला राहतो. बारा वर्षांची जुनी गाडी घेतली ती अम्मीसाठी. तिचे गुडघे आता लोकलचा जिना चढत नाहीत. मी मात्र कामाला लोकलनेच जातो. म्हणजे गाडी चालायची महिन्यातून एखाद्या वेळी, आणि पावसाळ्यात तेवढीही नाही. आमच्याकडचा पाऊस तुम्हाला ठाऊक आहेच. २६ जुलै २००५ला उल्हास नदी गावात शिरली होती. २७ जुलै २०१९ला बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली आणि हजारावर प्रवाशांना बाहेर काढावं लागलं. असा पूर रोज येत नाही, पण चार महिने हवेत ओल असते. भिंतींना बुरशी येते, चपला हिरव्या पडतात. मग इमारतीखाली उभ्या असलेल्या लोखंडाचं काय होत असेल, हा विचार मी कधी केला नाही.

सप्टेंबर संपत आला होता. कल्याणला बहिणीकडे जायचं ठरलं. दोन महिन्यांनी गाडी सुरू केली. हँडब्रेक सोडला, तरी गाडी हलेना. जरा जोर दिला तसा मागून 'कट्' असा आवाज झाला आणि ती निघाली. मला वाटलं, झालं काम. रस्त्याला लागलो तर गाडी जड वाटत होती. मागे कोणीतरी धरून ठेवल्यासारखी. स्टेअरिंग जरा सैल सोडलं की डावीकडे ओढ घेत होती. मी रस्त्यातल्या खड्ड्यांना दोष दिला.

अंबरनाथ जवळ आलं आणि अम्मी म्हणाली, "काहीतरी जळतंय रे."

मी म्हटलं, "अम्मी, अंबरनाथ आलं. इथे कारखाने आहेत."

आमच्या या पट्ट्यात राहणाऱ्या माणसाचं नाक असंच तयार झालेलं असतं. वास आला की आपण काच वर करतो आणि पुढे जातो. अम्मी थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "फॅक्टरीचा वास मागे राहतो. हा वास आपल्याबरोबर येतोय."

श्रोतेहो, मी शब्दांवर जगणारा माणूस, आणि त्या वाक्याकडे मी लक्ष दिलं नाही.

पुढे एका पुलाच्या उतारावर ब्रेक दाबला, तर पॅडल लोण्यात गेल्यासारखं खाली गेलं. गाडी थांबेना. समोर रिक्षा उभी, तिच्यात मुलं. पुन्हा पुन्हा पॅडल मारलं, गिअर खाली घेतला, हँडब्रेक ओढला. गाडी थांबली तेव्हा रिक्षा आणि आमच्यामध्ये हातभर अंतर होतं. रिक्षावाला तावातावाने उतरला, पण माझ्या गाडीकडे पाहून त्याचा आवाज बदलला. "चाचा, चाक बघा तुमचं." पुढच्या डाव्या चाकातून धूर येत होता. मी पाण्याची बाटली घेऊन धावलो, तर त्यानेच हात धरला. म्हणाला, "पाणी टाकू नका, तबकडी तडकेल. गार होऊ द्या."

गाडी दुसऱ्या गाडीला लावून उल्हासनगरला नेली. कॅम्पात एक वयस्क सिंधी मिस्त्री आहेत. फाळणीनंतर त्यांचं कुटुंब इथल्या लष्करी छावणीच्या बराकीत आलं, आणि त्या छावणीचं १९४९ साली उल्हासनगर झालं. कॅम्पांचे आकडे पत्त्यात अजून तसेच आहेत. मी त्यांना दादा म्हणतो, ते मला साईं म्हणतात. त्यांनी चाक खोललं आणि मला बाजूला स्टुलावर बसवून धडा दिला. तोच धडा तुमच्यापर्यंत पोचवतो.

पुढच्या चाकाबरोबर बिडाची एक तबकडी फिरते. तिला दोन्ही बाजूंनी चिमट्यासारखा धरणारा भाग म्हणजे कॅलिपर. आपण पॅडल दाबलं की ब्रेक ऑईलच्या दाबाने आतला पिस्टन पुढे सरकतो, आणि पॅड तबकडीला आवळतात. हे सगळ्यांना माहीत असतं. पाय उचलल्यावर काय होतं, हे मात्र कोणी विचारत नाही. पिस्टनभोवती रबराची एक चौकोनी कडी असते. दाबाने ती किंचित पिळते, आणि पाय उचलला की सरळ होताना पिस्टनला केसभर मागे ओढते. त्या केसभर अंतरावर सगळा खेळ आहे. पिस्टनवर गंज चढला, बाहेरचं रबरी टोपण फाटून पाणी आत गेलं, किंवा कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या पिना सुकल्या, की चिमटा धरतो पण सोडत नाही. गाडी ब्रेक लावलेलाच ठेवून चालत राहते.

"पण दादा, ब्रेक तर धरत होता. मग लागला का नाही?" मी विचारलं.

ते म्हणाले, "साईं, ज्याला तुम्ही ब्रेक ऑईल म्हणता ते तेल नाहीच. ते हवेतली ओल पितं." नवं डॉट ४ प्रतीचं द्रव निदान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये, असं मानक आहे. ओल धरलेल्या द्रवासाठी तोच आकडा १५५वर येतो. घासून तापलेल्या चाकाची उष्णता द्रवापर्यंत गेली, त्याची वाफ झाली, आणि वाफ दाबली जाते. म्हणून पॅडल खाली गेलं. अडकलेला ब्रेक शेवटी असा नाहीसा होतो.

आणि दोष कोणाचा? माझाच. पॅड बदलताना मी एका रस्त्यावरच्या कारागिराला 'थोडक्यात आटप' म्हटलं होतं. त्याने पिनांना साधं ग्रीस फासलं. खनिज तेलाच्या ग्रीसने ब्रेकमधलं रबर फुगतं आणि पिना जाम होतात. तिथे सिलिकॉनचं, खास ब्रेकसाठी केलेलं ग्रीसच लागतं. उल्हासनगरच्या 'मेड इन यूएसए' मालावर, म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशनच्या मालावर, आपण सगळे विनोद करतो. पण त्याच गावातल्या या मिस्त्रींनी मला स्वस्त सील घेऊ दिलं नाही. म्हणाले, "शर्ट कुठलाही घाला. ब्रेकचं रबर बिल घेऊन, कंपनीच्या पाकिटातलंच."

आता दुखणं ओळखायचं कसं? गाडी एका बाजूला ओढते. पेट्रोल जास्त लागतं. सपाट रस्त्यावर न्यूट्रल केली की लगेच मंदावते. एका चाकावर ब्रेकची काळी पूड जास्त दिसते, एका बाजूचा पॅड लवकर झिजतो. आणि सगळ्यात सोपी परीक्षा: घरी पोचल्यावर दोन्ही पुढच्या चाकांजवळ हात न्या. लावू नका, भाजेल, नुसता जवळ न्या. दोन्ही सारखीच कोमट हवीत. एक फार तापलं असेल तर पुढच्या फेरीआधी मिस्त्री गाठा. त्यांना एक गोष्ट तपासायला सांगा. चाक जाम असताना कॅलिपरची हवा काढायची नळी सैल केली आणि चाक मोकळं झालं, तर दाब आत अडकतोय. रबरी पाइप आतून फुगला असेल. तरीही मोकळं झालं नाही, तर दोष पिस्टनचा किंवा पिनांचा.

आणि हे टाळायचं कसं? गाडी आठवड्यातून एकदा तरी चालवा, आणि चालवताना ब्रेक लावा. धुतल्यावर किंवा पाण्यातून आल्यावर, मागे वाहन नाही हे पाहून, दोन-चार वेळा हलका ब्रेक दाबून पॅड सुकवा. पावसाळ्यात गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल, तर सपाट जागी पहिल्या गिअरमध्ये ठेवा, चाकांना दगड लावा, हँडब्रेक ओढून ठेवू नका. ब्रेकचं द्रव दर दोन वर्षांनी बदला. पावसाळा संपला की पिना काढून साफ करून घ्या, रबरी टोपणं बघा. ब्रेकचे भाग डिझेल-रॉकेलने धुऊ देऊ नका. आणि चाकं पुराच्या पाण्यात बुडाली असतील, तर सीट वाळवण्याआधी ब्रेक उघडून घ्या. पुरानंतर लोक इंजिन बघतात, गालिचे उन्हात टाकतात, ब्रेक मात्र विसरतात.

गाडी दुरुस्त होऊन आली. पुढच्या रविवारी पुन्हा कल्याणला निघालो. अंबरनाथ आलं, नेहमीचा वास आला. मी गाडी कडेला घेतली, उतरलो, चारही चाकांजवळ हात नेऊन पाहिला. अम्मी खिडकीतून बघत होती.

"हा फॅक्टरीचाच आहे," ती म्हणाली. "चल आता."

श्रोतेहो, बाजूला बसलेल्या माणसाला गाडी चालवता येत नसेल. पण तो 'काहीतरी जळतंय' म्हणाला, तर काच वर करू नका. गाडी थांबवा.