हा दगड स्लेटचाच आहे का?

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या आपल्या एका श्रोत्याने फोटो पाठवलाय. जुन्या बाजारात त्यांना एक काळपट दगड मिळाला. विकणारा म्हणाला, "जर्मनीतल्या थुरिंजियाचा आहे." आता त्यावर त्यांना वडिलांचा वस्तरा लावायचाय. म्हणून ते विचारतात, लावू का?

माझं उत्तर: थांबा. फोटोवरून दगड ओळखणं म्हणजे रंगावरून आंब्याची गोडी सांगणं. जुन्या दगडात तेल आणि लोखंडाचा कीस मुरलेला असतो, त्यामुळे सगळेच काळे दिसतात. कोमट पाणी, साबण आणि मऊ ब्रश घ्या, निवांत धुवा. कागदी लेबल असेल तर तिथे पाणी लागू देऊ नका. दगडाचं नाव सांगणारा तोच एक भरवशाचा पुरावा.

आता कडेला लिंबाचा एक थेंब टाका. फसफसलं तर दगडात चुना आहे. स्लेट फसफसत नाही. मग दगड दोन बोटांत सैल धरून टिचकी मारा. खणखणीत वाजला तर उत्तम. बद्द वाजला तर आत चीर किंवा सुटलेला थर असू शकतो.

पुढे वजन. समजा, कोरडा दगड 550 ग्रॅम भरला. काट्यावर पाण्याचं भांडं ठेवून आकडा शून्य करा, दगड दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला टेकवू नका. काटा 200 दाखवेल तर 550 भागिले 200, म्हणजे 2.75. स्लेट साधारण 2.7 ते 2.8 च्या घरात असते. आकडा 3 च्या वर गेला आणि दगड पिवळसर असेल, तर बेल्जियमच्या कोटिक्यूलचा विचार करा. त्यात गार्नेटचे बारीक कण असतात, म्हणून तो जड.

आता उगाळून बघा, सहाणेवर चंदन उगाळतो तसं. पण डायमंड प्लेटने, कारण दुसरा दगड वापरला तर त्याचाही रंग मिसळतो. हे गंध पोलादाचं पातं लागायच्या आधी बघायचं. पातं फिरलं की ते करडं-काळं होणारच. वेल्सच्या जांभळ्या स्लेटचं गंध जांभळट येतं. इंग्लंडच्या लेस्टरशरचा चार्नली फॉरेस्ट हिरवट असतो, बरेचदा तांबूस डागांचा, आणि इतका कठीण की गंध निघता निघत नाही. थुरिंजियाचा त्या मानाने मऊ. त्याच्यात गडद निळ्यापासून पिवळट हिरव्यापर्यंत छटा असतात.

एवढं करूनही "स्लेट आहे" इथवरच खात्री होते. ती धार लावायच्या कामाची आहे का, हे वेगळं. छपराची कौलंही स्लेटचीच असतात! मी एकदा हौसेने तसल्या तुकड्यावर चांगला वस्तरा घासला. एखाददुसरा जाड कण होता, त्याने धारेवर ओरखडे पाडले. ते काढता काढता पातं झिजलं. झिजलेलं पोलाद परत येत नाही, मंडळी.

म्हणून आधी स्वस्त सुरी घ्या. दगडावर दहा-वीस हात फिरवा आणि भिंगातून बघा. सगळीकडे एकसारखी, बारीक, धूसर चमक हवी. एकटा खोल ओरखडा दिसला तर तो दगड वस्तऱ्याला नको.

तर दादा, नाव थुरिंजिया निघो वा न निघो, सुरीने पास केलं तरच बाबांचा वस्तरा काढा. आणि काय झालं ते आम्हाला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!