कर्ता कोण?

एका निवृत्त एसटी कंडक्टरांनी लिहिलेल्या एका पानापासून सुरुवात करतो. आमच्या तालुक्याच्या वाचनालयात दर शनिवारी संध्याकाळी आम्ही दहा-बारा जण लिहायला बसतो. हे गृहस्थ पहिल्यांदा आले ते खिशात घडी घातलेला कागद घेऊन. त्यातला मजकूर त्यांच्या परवानगीनं सांगतो, नाव सांगणार नाही.

बावीस वर्षांपूर्वीची मुक्कामाची गाडी. शेवटच्या गावात सगळे उतरले, एक म्हातारे गृहस्थ बसूनच राहिले. कागदावर गाडीची वेळ होती, प्रवाशांची संख्या होती, आणि मग हे वाक्य : ‘सदर प्रवासी मयत आढळला.’ पुढं पोलीस पाटलांना कळवण्यात आलं, पंचनामा करण्यात आला, नातेवाइकांना निरोप देण्यात आला. संपलं. ती रात्र बावीस वर्षं या माणसाला मधूनच जागं करत होती, हे त्या पानावर कुठंही नव्हतं.

शाळेत आपल्याला विचारायचे, वाक्यातला कर्ता ओळखा. या पानात कर्ताच नव्हता. मराठीत ही सोय फार मोठी आहे. लहान मूल ‘मी कपबशी फोडली’ म्हणत नाही, ‘कपबशी फुटली’ म्हणतं. मोठेपणी आपण तेच करतो. ‘बोलणं झालं’, ‘जाणं राहून गेलं’, ‘संबंध तुटले’. कुणी तोडले? व्याकरणाच्या आडोशाला आपण किती काय लपवून ठेवतो, हे लिहायला बसल्यावर कळतं.

मी त्यांना सांत्वनाचं काही बोललो नाही. दोनच गोष्टी विचारल्या. ‘आढळला’ म्हणजे कुणाला आढळला? आणि ते गृहस्थ कुठल्या बाजूला बसले होते?

पुढच्या शनिवारी पान बदललं होतं. ‘मी त्यांच्या खांद्याला हात लावला,’ असं त्यात आलं. आणि बसण्याची जागा आठवता आठवता आणखी एक गोष्ट वर आली होती. गृहस्थ खिडकीपाशी होते. वाटेत एका फाट्यावर गाडी थांबली तेव्हा त्यांची मान कललेली यांनी पाहिली होती. झोप लागली असेल असं वाटलं. तिकीट शेवटच्या गावाचं होतं, म्हणून उठवलं नाही. थंडी होती, म्हणून वाकून खिडकीची काच ओढून घेतली. बावीस वर्षं त्यांना एवढंच आठवत होतं की आपण उठवलं नाही. आपण काच लावली होती, हे कागदावर येईपर्यंत त्यांना आठवलेलंच नव्हतं.

मला आज जे सांगायचं आहे ते एवढंच आहे. लिहिल्यानं मन मोकळं होतं असं आपण सहज म्हणतो. मला ते अर्धवट वाटतं. नुसतं ओतून टाकलेलं बहुतेक वेळा आहे तसंच परत येतं. माणसाला आधार मिळतो तो लेखनातल्या कारागिरीतून : नेमका शब्द शोधण्यातून, खोडण्यातून, ‘म्हणून’ हा शब्द खरा करण्यातून.

या बाबतीत अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांचं काम माहीत असावं. 1986 साली त्यांनी आणि सॅन्ड्रा बील यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. महाविद्यालयीन मुलांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं लिहायला बसवलं. काहींनी किरकोळ विषयांवर लिहिलं, काहींनी आयुष्यातल्या मोठ्या आघाताबद्दल. आघातावर लिहिणाऱ्यांतही गट होते : कुणी फक्त घटना लिहायची, कुणी फक्त भावना, कुणी दोन्ही. लिहून झाल्यावर लगेच मुलांना बरं वाटलं नाही, उलट जास्त उदास वाटलं. पण पुढच्या काही महिन्यांत ज्यांनी घटना आणि भावना दोन्ही लिहिल्या होत्या, त्यांच्या दवाखान्यातल्या फेऱ्या कमी झाल्या. नंतर पेनेबेकर यांनी लिखाणातले शब्द मोजायला घेतले. ज्यांच्या लिखाणात दिवसागणिक ‘कारण’, ‘आता समजतं’ अशा अर्थाचे शब्द वाढत गेले, त्यांना फायदा अधिक दिसला.

इथं मी थोडा थांबतो, कारण अशा गोष्टी व्यासपीठावरून फुगवून सांगितल्या जातात. 2006 साली अशा प्रकारच्या 146 अभ्यासांची एकत्र छाननी प्रसिद्ध झाली. सरासरी फायदा दिसला, पण लहान. वही हे औषध नाही. ज्याला आठवडेच्या आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, जगणं नकोसं वाटतं, त्यानं आधी डॉक्टरांकडे जावं. आणि एखादी आठवण लिहिताना हातापायांतलं बळ जात असेल तर वही मिटावी. ती आठवण आज लिहिलीच पाहिजे असं नाही. आमच्या शनिवारी एक ताई सहा महिने फक्त त्यांच्या माहेरच्या परसाबद्दल लिहीत होत्या. कुणी त्यांना पुढं ढकललं नाही.

घटना आणि भावना एकत्र बांधायची ही रीत आपल्याकडे प्रयोगशाळेतून आलेली नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्यांतल्या कितीतरी सासुरवासाच्या आहेत, मेलेल्या लेकराच्या आहेत, दूर राहिलेल्या भावाच्या आहेत. जे नवऱ्यापुढं बोलता येत नव्हतं ते त्या जात्यापुढं बोलत. पण बोलत म्हणजे रडत नव्हत्या. जात्याचा फेरा ठरलेला, ओवी छोटी, यमक जुळवायचं. एवढं मोठं दुःख तेवढ्याशा मापात बसवायचं तर काय ठेवायचं आणि काय सोडायचं हे ठरवावं लागतं. ते ठरवते ती कवयित्री. तिला अक्षर येत नसेल, रचना येत होती. लेखनाच्या शाळेत शिकवण्यासारखं यापेक्षा जास्त काही माझ्याकडे नाही.

आणि लक्ष्मीबाई टिळक. 1895 साली त्यांचे पती रेव्हरंड टिळक यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि लक्ष्मीबाईंचं घर दुभंगलं. काही वर्षं ही दोघं वेगळी राहिली. ‘स्मृतिचित्रे’ या त्यांच्या आत्मचरित्राचे भाग येऊ लागले ते 1934 पासून, म्हणजे जवळपास चाळीस वर्षांनी, लक्ष्मीबाई साठी ओलांडून गेल्यावर. शाळेत न गेलेल्या या बाईंनी वडिलांचं सोवळ्याचं वेड, उपासमार, ताटातूट हे सगळं लिहिलं, आणि प्रत्येक वेळी दुःखाच्या शेजारी हसू नेमकं कुठं ठेवायचं हे त्यांना ठाऊक होतं. जिनं भोगलं ती तरुण लक्ष्मी आणि जी लिहिते ती वृद्ध लक्ष्मीबाई, या दोघींमध्ये पुरेसं अंतर आहे. म्हणूनच वृद्ध बाई तरुण बाईचा हात धरू शकते. हे अंतर निव्वळ वर्षांनी पडत नाही. कंडक्टरांना बावीस वर्षं होती. अंतर पडतं ते वाक्य पुन्हा लिहिताना, कारण दुसऱ्यांदा लिहिणारा माणूस पहिल्यांदा लिहिणाऱ्याकडे पाहत असतो.

तुमच्यापैकी कुणाला लिहावंसं वाटलं तर आघातापासून सुरू करू नका. एखादी जागा घ्या, एखादी वस्तू घ्या. ‘आई गेली आणि मी पोरकी झाले’ हे खरंच आहे, पण ते वाक्य सगळ्यांचं आहे. त्या दिवशी ओट्यावर काय झाकून ठेवलं होतं, हे फक्त तुमचं आहे. पान लिहून झालं की तीन-चार दिवस बाजूला ठेवा. मग मोठ्यानं वाचा. ज्या वाक्याला आवाज अडखळतो तिथं पेन्सिलीनं खूण करा. आणि ज्या वाक्यात कर्ता दिसत नाही, तिथंही.

कंडक्टरांनी ते पान चार वेळा लिहिलं. चौथ्या खेपेस ‘सदर प्रवासी’ जाऊन ‘बाबा’ आलं होतं, कारण गाडीत त्यांनी त्या गृहस्थांना तीच हाक मारली होती. शेवटही बदलला होता. आता पान मृत्यूवर संपत नव्हतं. गृहस्थांनी तिकिटाला पन्नासची नोट दिली होती, सुटे नव्हते, म्हणून यांनी तिकिटाच्या मागं ‘14 रुपये देणे’ असं लिहून दिलं होतं. दुसऱ्या दिवशी आगारात हिशेब देताना वेबिलाशी रोकड जुळेना. चौदा रुपये जास्त भरत होते. काउंटरवरच्या माणसानं विचारलं, कुणाचे? आणि यांनी सांगितलं, ‘बाबांचे.’