माशीच्या रक्ताचं माहेर

भिंतीवर डास चिरडला की लाल ठिपका उमटतो. ते रक्त डासाचं नसतं, बहुधा आपलंच असतं! बहुतेक कीटकांचं स्वतःचं रक्त लाल नसतं. प्राणवायू पोचवण्याचं काम त्यांच्यात बारीक श्वासनलिकांचं जाळं करतं. मग त्यांच्या रक्तात पेशी कशासाठी असतात? आणि त्या येतात कुठून?

उत्तर मिळालं ते पिकलेल्या केळ्यांवर घिरट्या घालणाऱ्या फळमाशीच्या अंड्यात. अंडं जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचं; साधारण २४ तासांत त्यातून अळी बाहेर पडते. पण त्याआधीच, गर्भाच्या डोक्याकडच्या मधल्या थरात रक्तपेशी जन्माला येतात. सुमारे ७०० भक्षकपेशी आणि जोडीला तीसेक स्फटिकपेशी. भक्षकपेशी डोक्याकडून निघून गर्भभर पसरतात आणि मेलेल्या पेशी गिळतात. ही साफसफाई झाली नाही, तर चेतासंस्थेची घडीही नीट बसत नाही. स्फटिकपेशी पुढे जखमेवर काळी खपली धरायला मदत करतात.

गंमत म्हणजे रक्ताचं हे एकच माहेर नव्हे. गर्भाच्या छातीकडच्या भागात, हृदयनलिकेलगत, लसिका ग्रंथी तयार होते. तिच्यातल्या पेशी अळीचा कोश होताना बाहेर पडतात. हे दोन वेगळे उगम २००३ साली स्पष्ट झाले. आपलंही तसंच आहे. आईच्या पोटात आपलं पहिलं रक्त पीतक पिशवीत बनतं, मग यकृतात, आणि शेवटी हाडांतल्या मगजात.

साम्य जनुकांतही आहे. 'सर्पंट' हे जनुक नसेल, तर माशीच्या गर्भात रक्तपेशी बनतच नाहीत. त्याच्याच कुटुंबातलं एक जनुक आपल्या तांबड्या पेशी घडवतं. स्फटिकपेशी घडवणाऱ्या 'लॉझेंज'चं माणसातलं भावंड बिघडलं, तर रक्ताचा कर्करोग होऊ शकतो. बंगळूरच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रात अभ्यासलेल्या अशाच एका जनुकाचं नाव आहे 'असृज'. संस्कृतात असृज म्हणजे रक्त.

कोवळ्या पेशीनं कधी पक्व व्हायचं, हा निर्णय चुकला की घराघरांत काय संकट येतं, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल. तो निर्णय कसा होतो, हे माणसाच्या गर्भात प्रयोग करून पाहता येत नाही. माशीच्या गर्भात मात्र सूक्ष्मदर्शकाखाली जिवंत रक्तपेशी चालताना दिसतात. केळ्यावरची माशी जरूर हाकला. पण तिचं हे ऋण विसरू नका.