ओहोटीला टिकेल ते जहाज



माझी सगळी नोकरी मालवाहू जहाजांवर गेली. काम अगदी चोख झालं की इंग्रज खलाशी म्हणतात, ‘शिपशेप अँड ब्रिस्टल फॅशन’. शिपशेप म्हणजे जहाजावर असावं तसं, सगळं जागच्या जागी. पण त्याला ब्रिस्टल गावाचं नाव का जोडलं, ते आज तुम्हाला सांगायचं आहे.

ब्रिस्टल हे इंग्लंडच्या पश्चिमेकडचं जुनं बंदर. ते समुद्रावर नाही. एव्हन नदीतून कित्येक मैल आत जावं लागतं. या नदीच्या मुखाशी उधाणाच्या दिवसांत भरती आणि ओहोटीच्या पातळ्यांत 12 मीटरहून जास्त फरक पडतो. मुंबईत साडेचार मीटरच्या वर भरती येणार असली की आपल्याकडे सूचना निघतात. त्यावरून कल्पना करा. भरतीबरोबर जहाजं आत येत, धक्क्याला लागत, आणि काही तासांत खालचं पाणीच निघून जाई. पिंपांनी आणि पोत्यांनी भरलेलं लाकडी जहाज गाळावर बसे, कधी एका अंगावर कलंडे. बांधणी कच्ची असली तर फळ्यांचे सांधे उघडत. माल नीट बांधलेला नसला तर पिंपं घरंगळत जाऊन एकमेकांवर आदळत. हे रोजच, आणि दिवसातून दोनदा.

म्हणून ब्रिस्टलला जाणारं जहाज मुळातच भक्कम असावं लागे आणि त्यातला माल हलणार नाही असा रचावा लागे. ती तिथल्या खलाशांची ख्याती झाली आणि भाषेत उतरली. अमेरिकन लेखक रिचर्ड हेन्री डाना यांच्या 1840च्या सागरी आठवणींत हे शब्द छापलेले सापडतात. तोवर ब्रिस्टलची अडचण बरीच दूर झाली होती. विल्यम जेसप या अभियंत्याने दरवाजे बांधून बंदरातलं पाणी अडवलं. 1809 पासून जहाजं ओहोटीतही तरंगत राहू लागली. कारण गेलं, शब्द उरला.

त्या शब्दामागची कसोटी मात्र आजही तीच आहे. जहाजावर तपासणीच्या आदल्या दिवशी रंगरंगोटी होते. ती व्हावीच. पण माल घट्ट बांधला आहे की नाही, हे तपासनीस नव्हे, खवळलेला समुद्र ठरवतो. आम्ही लोखंडी साखळ्या आवळत असू ते त्या समुद्रासाठी.

मात्र ब्रिस्टलबद्दल सगळंच सांगायला हवं. 1698 मध्ये आफ्रिकेच्या व्यापारातली लंडनच्या कंपनीची मक्तेदारी उठली आणि ब्रिस्टलचे व्यापारी गुलामांच्या व्यापारात उतरले. माणसांना बेड्या घालून माल रचावा तसं जहाजात रचलं गेलं. 1807 साली ब्रिटनने त्या व्यापारावर बंदी घातली, तोवर हे चालू होतं. तीही व्यवस्थाच होती, आणि ती भयंकर होती. तेव्हा व्यवस्थितपणाचं कौतुक करताना तो कोणासाठी आहे, हे विचारलंच पाहिजे.

त्याच ब्रिस्टलमध्ये 1824 साली सॅम्युअल प्लिम्सॉल जन्मला. माझ्या मते या गावाने जगाला दिलेला हा सर्वांत मोठा माणूस. त्या काळी काही मालक जुनाट जहाजांचे भरपूर विमे उतरवत आणि त्यांत वाटेल तेवढा माल कोंबत. जहाज बुडालं तरी मालकाचं नुकसान नाही; मरत ते खलाशी. त्या जहाजांना लोक शवपेट्याच म्हणत. प्लिम्सॉल खासदार झाला, 1873 मध्ये खलाशांची बाजू मांडणारं पुस्तक लिहिलं, संसदेत संतापाने सरकारवर तुटून पडला. 1876 च्या कायद्याने जहाजाच्या बाजूवर भाररेषा काढणं सक्तीचं झालं: पाणी या रेषेवर गेलं की माल भरणं बंद. पण ती रेषा कुठे काढायची हे ठरवणं मालकाच्याच हाती राहिलं! ते अधिकार काढून घ्यायला 1890 उजाडलं. आज न्हावाशेव्याला लागणाऱ्या मोठ्या मालवाहू जहाजाच्या अंगावर पाहा, मधून आडवी रेघ गेलेलं एक वर्तुळ दिसेल. ती प्लिम्सॉलची खूण.

मुलांनो, परीक्षेचं वेळापत्रक, खोली, कपाट, सगळं नीट ठेवा. पण उद्या कारखाना, दवाखाना, बांधकाम तुमच्या हाती येईल, तेव्हा ही रेघ विसरू नका. हाताखालच्या माणसावर किती भार टाकायचा, ते आधी ठरवा आणि लिहून ठेवा.

आणि प्राचार्यांना एक विनंती. आजचा कार्यक्रम उभा करताना वायरी ओढणारी, खुर्च्या मांडणारी, पडदा सांभाळणारी मुलं आत्ता मंचामागे आहेत. बक्षीस समारंभ सुरू करण्याआधी त्यांना इथे बोलवावं. पहिल्या टाळ्या त्यांना मिळू द्या.