नियम फलकावरचा आणि घरातला



शाळेचा नियम फलकावर लिहिला म्हणजे तो घरोघरी पोहोचला, असे होत नाही. नागपूर जिल्ह्यातील काटोल, सावनेर या भागांत कापसाची वेचणी सुरू झाली की आई पहाटेच शेतावर जाते आणि धाकट्या भावंडासाठी थोरली मुलगी घरी राहते. हजेरीपटावर ती केवळ गैरहजर ठरते. त्यामागील कारण मात्र पालकांशी बोलल्यावाचून कळत नाही.

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला. पालकांच्या नियमित सभा घेऊन मुलाची उपस्थिती व प्रगती त्यांना सांगणे, हे कलम २४ अन्वये शिक्षकाचे कर्तव्य आहे. कलम १७ ने शारीरिक शिक्षा व मानसिक छळास मनाई केली आहे. छडीची जागा आता संवादाने घ्यावयाची आहे. शासकीय व अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक आणि एकूण निम्म्या स्त्रिया असाव्यात, असे कलम २१ सांगते.

परंतु भर दुपारी सभा बोलाविली, तर मजुरी बुडवून येणार कोण? ती दिवेलागणीला घ्यावी. सूचना नुसती वहीतून न पाठविता सर्वांसमक्ष वाचून दाखवावी. नियमाचे कारण विचारण्याची मुभा विद्यार्थ्यांनाही असावी. ज्या घराला नियमाचे कारण पटते, ते घरच त्याची राखण करते.